टिटवीचा आठवडा

"घरी ठेवायची असेल तर जेवण औषधासारखं द्यावं लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वेळेवर, ठरलेलं, आणि तिला न विचारता."

तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून तसाच उठून आल्यामुळे हातांना ग्रीसचा वास येत होता. शेजारी बायको, अंगावर बसचालकाचा गणवेश. शाळेतून फोन आला तेव्हा ती अर्ध्या फेरीत होती. पडद्यापलीकडच्या खाटेवर त्यांची पंधरा वर्षांची मुलगी पडून होती. मैदानावर चक्कर येऊन पडली, एवढंच फोनवर कळलं होतं. ऊन लागलं असेल, असं एकमेकांना सांगत दोघं धावत आले होते. आणि इथे डॉक्टरबाई हृदयाच्या ठोक्यांचा आलेख पुढ्यात घेऊन सांगत होत्या की ठोके फार हळू पडताहेत, तिचं शरीर स्वतःलाच खाऊन जगतंय, आणि हे काही आज सुरू झालेलं नाही.

"पण ती जेवते की," तो म्हणाला.

"तिला जेवताना तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?"

त्याने बायकोकडे पाहिलं, तर ती त्याच्याचकडे बघत होती. ती उजाडायच्या आत बस काढायची, हा सकाळी निघून संध्याकाळी केव्हा येईल त्याचा नेम नसायचा. आईला मुलगी सांगायची, बाबांबरोबर खाल्लं. बाबांना सांगायची, आईने वाढलं होतं. दोघांनाही ते पटत होतं, कारण दोघंही दमलेले असायचे.

"चूक कुणाची ते नंतर बघा, आत्ता त्याला वेळ नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तीन जेवणं, मध्ये तीनदा थोडं थोडं. दर वेळी तुमच्यापैकी एक जण समोर बसलेला हवा. खाल्ल्यावरही तिला एकटं सोडायचं नाही. आणि अख्ख्या आठवड्याचं आधीच ठरवून ठेवा. ऐनवेळी ठरवायला गेलात तर ती घासाघीस करेल आणि जिंकेल. म्हणजे ती नाही, आजार जिंकेल."

"आणि नाही जमलं तर?" बायकोने विचारलं.

"तर इथे दाखल करून नळीने भरवू."



घरी येताना मुलगी टॅक्सीत मध्ये बसली होती. तिच्या आत्याने ती पाळण्यात असतानाच तिचं नाव टिटवी ठेवलं होतं, कारण ती रडायला लागली की खालच्या मजल्यावरची माणसं वर येऊन चौकशी करायची. आता ती काचेबाहेर बघत गप्प होती. गाडी वळली तशी ती त्याच्या खांद्यावर रेलली, आणि तिचं काहीच वजन जाणवलं नाही.

रविवारी सकाळी नवराबायको स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. जुन्या कॅलेंडरचं एक मोठं पान फाडून त्याने उलटं पसरलं आणि पट्टीने रेघा मारल्या. वरती वार, बाजूला खाण्याच्या सहा वेळा. रेघा झक्क आल्या. पुढे काय लिहायचं ते मात्र कळेना.

या घरात आजवर जेवण कुणी ठरवलंच नव्हतं. ज्याला भूक लागेल त्याने फ्रिज उघडावा आणि हाताला लागेल ते खावं, अशी रीत. फ्रिजमध्ये अर्धं लिंबू, लोणी, उघड्या डब्यातला शिळा भात आणि कसली तरी बाटली होती, जिचं झाकण वर्षभरात कुणाच्याने उघडलं नव्हतं.

"काय आवडतं तिला?" त्याने विचारलं.

"बटाटे. भाजलेले."

"ते तुला आवडतात."

"मग सूप. मसुराचं."

"ते तिला आवडायचं. दुसरीत असताना."

बायकोने कपाळाला हात लावला. पोटच्या पोरीला काय आवडतं ते दोघांना मिळून सांगता येत नव्हतं. शेवटी तिने पेन त्याच्या हातातून घेतलं. "आवडीनिवडीचं राहू दे. आपल्याला काय करता येतं ते लिहू. आणि कोण कधी घरात आहे, ते आधी."

तसं बसल्यावर गाडी जरा पुढे सरकली. सकाळ त्याची, म्हणून सकाळी त्याला न जळवता करता येईल असं: उकडलेली अंडी, लोणी लावलेला पाव, दूध. दुपारी बायको फेऱ्या संपवून परत येणार, म्हणून दुपार आणि रात्र तिची. शाळा तूर्तास बंद. रविवारी मोठं पातेलंभर सूप करून ठेवायचं, ते बुधवारपर्यंत पुरवायचं. बुधवारी कोंबडी. दर दिवशी नवं काही नकोच. सोमवारचं तेच गुरुवारी. चारच्या खाण्याचा रकाना मात्र अडला. त्या वेळी बायकोला कधी कधी जादा फेरी लागायची आणि त्याचा तर कुणाच्या ना कुणाच्या इमारतीत पाय अडकलेला असायचा.

"मी येईन," तो म्हणाला. "काही झालं तरी येईन."

बायकोने त्या रकान्यात त्याचं नाव घातलं. मग दोघं बाजारात गेले आणि दोन पिशव्या भरून आणल्या. सामान लावताना बायको एकदम थांबली. हातात लोण्याचं पाकीट होतं. "अहो, मला फार भीती वाटते हो," ती म्हणाली. "अख्खी बस घेऊन घाटातनं उतरते मी, कधी हात कापला नाही. बघा आता." त्याने पाकीट तिच्या हातातून घेऊन फ्रिजमध्ये ठेवलं.

सोमवारी सकाळी त्याने टिटवीपुढे बशी ठेवली आणि समोर बसला. एक अंडं, पाव, दुधाचा पेला. ती बशीकडे अशी बघत होती, जणू त्यातनं काहीतरी उडी मारून बाहेर येणार होतं.

"बाबा, एवढं नाही जाणार."

"हेच ठरलंय."

"अर्धा पाव. उरलेला दहा वाजता खाईन. शप्पथ."

आवाज इतका गोड आणि समजूतदार होता की त्याचा हात बशीकडे गेलासुद्धा. मग डॉक्टरबाईंचा शब्द आठवला आणि त्याने तो मागे घेतला. "हेच ठरलंय बेटा."

तिचा चेहरा पालटला. पंधरा वर्षांत तिने बापाला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. आता जे तोंडाला येईल ते बोलली. तुम्हाला मला फुगवायचंय. तुम्हाला आजवर माझी पर्वा नव्हती, आता डॉक्टरांसमोर नाचक्की झाली म्हणून हे सोंग चाललंय. मी तुमचा तिरस्कार करते. तो ऐकत राहिला. शेवटचं वाक्य त्याला वर्मी लागलं, कारण त्याच्या आधीचं पुरतं खोटं नव्हतं. तरी तो उठला नाही. दूध निवलं, त्यावर साय धरली. कामावरून तीनदा फोन आला, त्याने तो उलटा करून ठेवला. पाव संपला तेव्हा तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि घास चावणारा जबडा थरथरत होता.

मंगळवारी बायकोला धुवायच्या कपड्यांत टिटवीचा मोजा जड लागला. उलटा केला तर त्यातून उकडलेल्या बटाट्याचे तुकडे आणि कुस्करलेला पाव बाहेर पडला. ती न्हाणीघरातच मटकन खाली बसली. रात्रीच्या जेवणाला मग दोघं टिटवीच्या दोन्ही बाजूंना बसले, पहारा दिल्यासारखे. कुणाच्या घशाखाली धड घास उतरला नाही. तिचा तर नाहीच, पण यांचाही नाही.

आणि बुधवारी, ठरलेल्या चारच्या खाण्याआधी, एका कार्यालयाच्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत तिघं. एक म्हातारे गृहस्थ दार बडवत होते. तो वरच्या यंत्रखोलीत पोहोचला आणि बघताक्षणी कळलं की हे तासाभरात उरकणारं नाही. सोडून जायचा प्रश्नच नव्हता. बायको जादा फेरीवर, बस चालवताना ती फोन घ्यायची नाही. घरात टिटवी एकटी. माणूस उरलं होतं एकच, आणि तिला आजवर त्याने यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं.

त्याची धाकटी बहीण, टिटवीची आत्या, दोन गल्ल्या पलीकडे केस कापायचं दुकान चालवायची. मनाने लोणी, पण जिभेला हाड नाही. दर महिन्याला नवं पथ्य धरायची आणि आठवड्यात सोडायची. गेल्याच वेळी ती टिटवीला म्हणाली होती, "काय गं, कशी चवळीची शेंग झालीस! मला सांग की गुपित."

त्याने फोन लावला. एका हाताने पान्याने ब्रेकचा नट धरून तो दोन वाक्यांत जेवढं सांगता येईल तेवढं बोलला. आत्या गप्प बसलेली त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

"दादा, आणि तू मला आत्ता सांगतोस?"

"चीज लावलेला पाव आणि दूध. फ्रिजवर कागद लावलाय. समोर बस. सगळं संपेपर्यंत उठू देऊ नकोस."

"निघाले," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाच्या डोक्याला रंग लावून ठेवलाय, राहील तसाच."

तिघांना सुखरूप बाहेर काढून तो घराकडे सुटला तेव्हा दिवस कलला होता. दार उघडलं तर आत्या कोचावर पाय वर घेऊन बसलेली, चेहऱ्यावर विजय. टेबलावर बशी चाटूनपुसून स्वच्छ.

"उगाच बाऊ केलात हो तुम्ही," ती म्हणाली. "कणभर कटकट नाही. मी गप्पा मारत होते, ती खात होती. किती गुणाची पोर!"

"टिटवी कुठाय?"

"खाली गेलीये. मैत्रीण वही घेऊन येणार होती म्हणे. मी म्हटलं, जा."

"केव्हा?"

आत्याने घड्याळाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "अगोबाई. बराच वेळ झाला की."

खाल्ल्यावर एकटं सोडायचं नाही, डॉक्टरबाईंनी सांगितलेलं हे एक वाक्य तो फोनवर विसरला होता. तो लिफ्टने खाली गेला. दारावरच्या पहारेकऱ्याने मान हलवली. दुपारपासून ती बाहेर पडलेलीच नाही. तो मागच्या अंगणात धावला, सायकली लावायच्या जागेत पाहिलं, कचऱ्याच्या डब्यांमागेसुद्धा पाहिलं. दहा मजली इमारत. गच्चीच्या दाराला कुलूप असतं. असतं ना? मनात जे आलं ते त्याने झटकून टाकलं, पण ते जाईना.

तो परत आत आला आणि जिन्यापाशी क्षणभर थांबला. या इमारतीत जिना कुणी वापरत नसे. अडगळीची खोकी आणि मोडक्या खुर्च्या तिथे पडलेल्या. वरून कुठून तरी आवाज येत होता. पावलांचा. धप, धप, धप, भराभर खाली. मग थोडं थांबून पुन्हा वर.

तो चढू लागला. पावलं वर गेली, वळली, खाली आली. मध्येच अडखळली. पुन्हा सुरू झाली. चौथा मजला, स्वतःचं दार, मागे टाकून तो चढत राहिला. आठव्या मजल्यावर ती त्याला दिसली. कठड्याला दोन्ही हातांनी धरून ती एक पाऊल वरच्या पायरीवर टाकत होती आणि ते पाऊल जागेवर पडत नव्हतं. ओठ निळसर झाले होते. सदरा घामाने भिजून पाठीला चिकटला होता, आणि पाठीचे मणके एकेक दिसत होते.

"टिटवे!"

तिने वळून पाहिलं. तो रागाच्या तयारीत होता, रडण्याच्या, खोट्या शपथांच्या. पण तिच्या डोळ्यांत यातलं काहीच नव्हतं. तिच्या डोळ्यांत भीती होती. त्याच्याइतकीच.

"बाबा, मला थांबता येत नाहीये," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "मी थांब म्हणते, पण ते थांबतच नाही. अजून एकदा चढ म्हणतं. मग अजून एकदा. बाबा, मला धरा ना."

त्याने तिला धरलं. ती त्याच्या अंगावर कोसळली आणि दोघं पायरीवर बसले. तीन दिवस तो समजत होता की टेबलाच्या पलीकडे बसलेली मुलगी त्याच्याशी भांडतेय. पण पलीकडे तीसुद्धा जीव मुठीत धरून बसली होती, आणि तिच्या बाजूला कुणीच नव्हतं. त्याने तिच्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी सापडेना. सापडली तेव्हा ती दोन ठोके देऊन थबकायची आणि मग जणू विचार करून तिसरा द्यायची.

आत्या धापा टाकत वर आली. तिने एकदा भाचीकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता फोन काढून रुग्णवाहिका बोलावली.

या वेळी टिटवीला दाखल करून घेतलं. पहिले काही दिवस नळी, मग हळूहळू वाटी-चमचा. छातीला तारा लावलेल्या, पडद्यावर हिरवी रेघ. बायको रजा टाकून उशाशी बसून राहायची आणि त्या रेघेवरची नजर काढायची नाही. एका संध्याकाळी ती डॉक्टरबाईंना म्हणाली, "आमच्याच्याने घरी नाही जमणार. आम्ही चार दिवससुद्धा नाही टिकलो."

"तीन दिवस टिकलात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "न खाणारं माणूस तीन दिवस खात होतं. कमी समजू नका. तुमच्या कागदात एक गोष्ट राहिली, इतकंच. जेवणानंतरचं काय, ते लिहिलं नव्हतंत. तिची खरी लढाई घास गिळल्यावर सुरू होते."

म्हणून टिटवी घरी आली तेव्हा नवा कागद तयार होता. प्रत्येक जेवणाच्या खाली आणखी एक ओळ. सकाळनंतर बाबा: पत्ते. दुपारनंतर आई: शेजारी पडून कादंबरी वाचून दाखवणे. आणि चारचा रकाना आत्याचा. आत्याने दुकानातली दुपारची गिऱ्हाइकं पुढे ढकलली होती. वजन, बारीक, जाड, पथ्य हे शब्द या घरात काढणार नाही असं तिने कबूल केलं. पहिल्याच दिवशी दारातनं आत येता येता ती म्हणाली, "आई गं, चार मजले लिफ्टने आले तरी दम लागतो, किती वजन..." आणि स्वतःच्याच तोंडावर हात दाबून उभी राहिली. टिटवीच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. हसू म्हणावं इतका नाही, पण हलला.

खाल्ल्यावर आत्या तिला पुढ्यात बसवायची आणि तिच्या केसांच्या वेण्या घालायची, सोडायची, परत घालायची. केस विरळ झाले होते, हातात येत होते. आत्या ते मुकाट्याने मुठीत गोळा करून खिशात टाकायची. पाय थरथरायला लागले की टिटवी म्हणायची, "आत्या, ते परत बोलायला लागलंय." मग आत्या तिचे दोन्ही गुडघे आपल्या गुडघ्यांत घट्ट धरायची आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या कागाळ्या सांगायला लागायची, थांबायचीच नाही. तिची न थांबणारी जीभ अशी उपयोगी पडेल असं तिच्या भावाला कधी वाटलं नव्हतं.

आठवडे गेले. सगळं सुरळीत झालं असं नाही. एका शुक्रवारी टिटवीने सूप भिंतीवर फेकलं. एकदा त्याचाच धीर सुटला आणि तो बशी तशीच टाकून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. बायकोने येऊन त्याची जागा घेतली. डॉक्टरबाई आलेख बघून म्हणायच्या, "बरं चाललंय. पण सैल सोडू नका." ते वाक्य ऐकलं की दोघांना आधी हायसं वाटायचं आणि मग लगेच धडकी भरायची.

दर रविवारी कागद मात्र नवा व्हायचा. आता त्याला सराव झाला होता. काय दोन दिवस टिकतं, काय आदल्या दिवशी शिजवून ठेवावं, बाजारात काय संपत आलंय, हे त्याला न बघता सांगता येई. अशाच एका रविवारी तो लिहीत होता, बायको मटार सोलत होती, आणि टिटवी पलीकडे कोचावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. बायकोची एक मैत्रीण मासे पाठवणार होती, म्हणून त्याने गुरुवारच्या रकान्यात मासे लिहिलं.

"गुरुवारी मासे नकोत," टिटवी म्हणाली.

पेन थांबलं. मटार सोलणारे हातही थांबले. तिला विचारायचं नाही, तिच्याशी घासाघीस करायची नाही. हे आजार बोलतोय? की ती? त्याने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि त्याला काहीही कळलं नाही.

"का?" त्याने शेवटी विचारलं.

"मला वास येतो. कधीच नाही आवडले मला मासे."

त्याने बायकोकडे पाहिलं. "खरंय," ती हळूच म्हणाली. "अगदी लहान होती तेव्हासुद्धा थुंकून टाकायची. गादीवर."

"मग त्याच्या जागी काय लिहू?"

त्याने ते कुणालाही उद्देशून विचारलं नव्हतं. पण टिटवी उत्तर द्यायला गेली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. स्वतः एखाद्या पदार्थाचं नाव घ्यायचं, म्हणजे तो आपल्याला हवाय असं कबूल करायचं. तिने गुडघ्यांना आणखी घट्ट मिठी मारली.

"तुम्हीच ठरवा," ती म्हणाली. "पण मासे नकोत. आणि जेवढं असतं तेवढंच वाढा. कमी नका करू. मी कर म्हटलं तरी."

त्याने मासे खोडून कोंबडी लिहिली. अक्षर वाकडं आलं.

गुरुवारी कोंबडीपुढेही ती रडली. भात गार झाला, आईने तो गरम करून आणला, तो पुन्हा गार झाला. पण ताट रिकामं झालं. त्यानंतर तिघं पत्ते घेऊन बसले, आणि तो डाव वाटत असताना दर थोड्या वेळाने तिच्या पायांकडे बघत होता.